पांढरं नाही

यसावतीने आयुष्यात एकच जुगार खेळला, आणि तोही पंचांग बघून. पत्ते तिने कधी हातात धरले नाहीत, लॉटरीचं तिकीट घेणाऱ्या नवऱ्याशी ती चार दिवस बोलत नसे. अशी बाई आपले आठ माग, आठ बायकांची पोटं आणि गावातला आपला मान एका रंगावर लावते, हे सांगितलं तर खोटं वाटेल. पण कोलंबोपासून दूर, आमच्या कुरुणेगलकडच्या गावात ते घडलं, आणि आम्ही सगळे काठावर उभे राहून बघत होतो. खरं सांगायचं तर काही जणांना बरंही वाटलं.

ती पंधरा वर्षांची असताना सरकारी विणकाम वर्गात माग शिकली. हात चांगला होता. आडवा धागा नेणारा धोटा टाकायची तो असा, की बाजूला बसलेल्या शिकवणाऱ्या बाई स्वतःचं काम थांबवून बघायच्या. लग्न झालं सिरिपालशी. तो सरकारी बसवर कंडक्टर, आणि तिकिटांपेक्षा तोंडाचीच फाडाफाड जास्त. लग्नानंतर यसावतीने परसात झावळ्यांचं छप्पर घातलं, दोन माग मांडले आणि शेजारच्या दोन गावांना लुंग्या आणि चादरी पुरवू लागली. कापड घट्ट असायचं. बाण्याचा प्रत्येक आडवा धागा ती फणीने दोनदा ठोकायची, एकदा बसवायला आणि एकदा पक्का करायला. हेन्द्रिक मुदलालीच्या, म्हणजे गावच्या व्यापाऱ्याच्या, दुकानात परदेशी कापड स्वस्त मिळायचं, तरी जाणती माणसं यसावतीकडेच यायची.

मग सरकारने सात वर्षं देशाची दारं लावून घेतली. बाहेरून काही आणायचं नाही, जे लागेल ते इथेच पिकवू, इथेच बनवू. ऐकायला झकास होतं. पण मसुराची डाळ दिसेनाशी झाली. पावासाठी उजाडायच्या आत रांग लागू लागली. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात दोन मापांच्या वर तांदूळ नेला तर गुन्हा, त्यामुळे सिरिपालची बस अडवून पोलीस म्हाताऱ्यांच्या पिशव्या चाचपायचे. पोरं कसाव्याच्या कंदावर वाढली. देशी ब्लेडने दाढी केली, की सिरिपाल गालावर कागदाचे कपटे चिकटवून कामावर जायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "स्वदेशी लागलंय."

यसावतीचं नशीब मात्र त्याच सात वर्षांत फळफळलं. परदेशी कापड बंद, हेन्द्रिकची कापडाची फळी रिकामी. दोनाचे आठ माग झाले. सूत सोसायटीतून ठरल्या मापाने यायचं, ते आठ मागांना पुरेल इतकं मिळावं म्हणून तिने तालुक्याच्या पुढाऱ्याकडे खेटे घातले. गावातल्या आठ बायका मागावर बसू लागल्या. त्यातल्या सहा जणींनी तोवर स्वतःच्या कमाईची नोट हातात धरली नव्हती. हेही खोटं नव्हतं. जे दारं लावण्याला नुसत्या शिव्या देतात त्यांनी त्या सहा जणींना कधी विचारलं नाही, आणि जे नुसतं कौतुक करतात ते पावाच्या रांगेत कधी उभे राहिले नाहीत.

वर्षातला मोठा धंदा एकच, एप्रिलमधलं नवं वर्ष. आमच्यात नवं वर्ष लागतं ते पंचांगाने सांगितलेल्या घटकेला. कोणत्या घटकेला चूल पेटवायची, कोणत्या घटकेला पहिला घास घ्यायचा आणि कोणत्या रंगाचं वस्त्र अंगावर हवं, सगळं त्यात छापलेलं असतं. रंग एकदा कळला की घरोघर त्या रंगाचं कापड लागतं. यसावती देवळाजवळच्या ज्योतिषाकडून तो रंग पंचांग छापून येण्याआधीच काढून घ्यायची, जानेवारीतच सूत रंगवायची, आणि एप्रिल उजाडला की तिच्या दाराशी रांग लागायची ती थेट विहिरीपर्यंत.

रांगेने तिचं डोकं फिरवलं. दुसरं कुणी विकणारंच नाही, तर बाणा दोनदा कशाला ठोकायचा? एकदाच ठोकला तर दिवसाला दोन वार जास्त निघतात. मग पन्हा चार बोटं कमी झाला. मग रंग पक्का करायचं मीठ वाचवलं. पहिल्या धुण्यात नांदेतलं पाणी रंगायचं, दुसऱ्यात धुणारीचे हात. पूर्वी तिला "यसा" म्हणणाऱ्या बायका रांगेत उभ्या राहून "नोना" म्हणू लागल्या, तुम्ही बाईसाहेब म्हणता तसं. ती कमरेची किल्ली वाजवत रांगेसमोरून फिरायची. एकदा शाळामास्तरांच्या बायकोने कापड उजेडाला धरून विचारलं, की यातून पलीकडचं दिसतंय, चालेल का? यसावती म्हणाली, "घ्यायचं तर घ्या. नाहीतर केळीची पानं नेसा."

रांग हसली. हसायलाच हवं होतं, कापड मिळायचं होतं. ते वाक्य गावभर झालं.

एका वर्षी नव्या वर्षाच्या आधी पाच दिवस मागिलिनचा नवरा गेला. मागिलिन म्हणजे नारळाच्या काथ्याचे दोर वळणारी, यसावतीहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. आमच्यात प्रेत उचलण्याआधी मेलेल्याच्या नावाने भिक्षूंना पांढरं कापड द्यावं लागतं. त्यावाचून माणसाला निरोप दिल्यासारखं होत नाही. मागिलिन रडून सुजलेल्या डोळ्यांनी रांगेला वळसा घालून पुढे आली. रांगेने वाट दिली.

"यसा नोना, नऊ हात पांढरं हवं होतं. त्यांच्यासाठी."

पांढरं होतं. वीस हात, मागच्या पेटीत. पण ते पुढाऱ्याच्या बायकोने सांगून ठेवलं होतं, तिला पडदे करायचे होते, आणि पुढाऱ्याच्या सहीशिवाय सोसायटी आठ मागांचं सूत सोडत नव्हती. यसावतीने एक क्षण विचार केला. एवढं तिच्या बाजूने म्हणायला हवं.

"पांढरं नाही," ती म्हणाली. "पंचांगाचं हिरवं आहे."

मागिलिनने तिच्या खांद्यावरून आत बघितलं, मग गेली. ती गेल्यावर यसावती वळली, तर पेटीच्या झाकणाखालून पांढरी कड चार बोटं बाहेर लोंबत होती. तिने ती आत खोचली आणि पुढच्या बाईला आत घेतलं.

मागिलिनने पिठाचं पोतं उसवलं. त्या काळात आमच्याकडे परदेशी म्हणून जे कापड उरलं होतं ते एवढंच, बोटीतून येणाऱ्या गव्हाच्या पिठाची पोती. तिने ते राखेने घासलं, उन्हात घातलं, पुन्हा घासलं. तरी भिक्षूंच्या हातात ते गेलं तेव्हा त्यावरची लाल अक्षरं सगळ्यांना दिसत होती. भिक्षूंनी मान खाली घालून घेतलं. आम्हीही खाली बघितलं. कुणीच काही बोललं नाही, आणि म्हणूनच ते कुणी विसरलं नाही.

मग निवडणूक झाली, नवं सरकार आलं आणि वर्ष संपता संपता त्याने दारं सताड उघडली. हेन्द्रिक मुदलालीच्या दुकानात मसुराची डाळ आल्याच्या दिवशी गावात सणच होता. यसावतीही पिशवी घेऊन पळत गेली. दोन रत्तल डाळ आणली, नारळाच्या दुधात शिजवली, आणि तिची सतरा वर्षांची मुलगी दीपानी चौथ्यांदा वाढून घेताना बघून तिला रडू आलं. सरकारचं भलं होवो, असं ती मनापासून म्हणाली. ज्या बोटीतून डाळ आली त्याच बोटीतून उद्या कापड येईल, हे तिच्या डोक्यात आलं नाही. आमच्याही नाही.

आलं ते सिरिपालच्या. तो रोज कोलंबोच्या रस्त्यावर होता, बसच्या टपावर गठ्ठे चढताना बघत होता. जानेवारीत यसावती ज्योतिषाकडून परतली, यंदाचा रंग निळा म्हणून, तेव्हा त्याने तोंडातलं पान थुंकलं.

"सगळं सूत निळ्यात बुडवू नकोस," तो म्हणाला. "अर्धं पांढरं ठेव. बाहेरचं कापड आलंय, डोळ्यांनी बघितलंय मी."

"तिकीट फाडायचं काम आहे ना, तेवढं करा."

"अगं, जपानचं आहे. रंग जात नाही म्हणतात."

"जाऊ दे नाहीतर राहू दे. त्या गिरणीवाल्याला आपलं पंचांग वाचता येतं का? निळं नेसायचंय हे त्याला सांगणार कोण? तो लाल पाठवील, पिवळं पाठवील, फुलाफुलांचं पाठवील. नव्या वर्षाच्या घटकेला माणसं माझ्याच दारात येतील."

सिरिपालने नवं पान लावायला घेतलं. खरं तर मलाही तिचं म्हणणं पटलं असतं. आपलं नवं वर्ष, आपली घटका, आपला ज्योतिषी. समुद्रापलीकडच्या माणसाला यातलं काय कळणार? सोसायटीचं सूत सरकार आता बंद करणार अशी कुजबुज होती, म्हणून तिने सहा महिन्यांचं सूत एकदम उचललं, घरात होतं नव्हतं ते त्यात घातलं आणि सगळंच्या सगळं निळं करून टाकलं. परसातली माती निळी झाली. कोंबड्यांचे पायसुद्धा निळे झाले. आठ बायका चैत्रापर्यंत पहाट ते संध्याकाळ मागावर होत्या, आणि बाणा एकदाच ठोकला जात होता.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हेन्द्रिकच्या दारात लॉरी थांबली. गठ्ठे उतरले, एक तिथेच फोडला. निळं. आकाशी नाही, जांभळट नाही, पंचांगात जो रंग छापला होता तोच. वर काठाला नव्या वर्षाची उतू जाणारी दुधाची हंडी छापलेली, आणि तीसुद्धा आपल्या पद्धतीची, मातीची, बाहेर वळलेल्या ओठांची. यसावतीचं निळं ज्या भावाला होतं त्याच्या निम्म्याहून कमी भाव.

त्यात जादू काही नव्हती. ज्योतिषाने यसावतीला रंग सांगितला तसाच हेन्द्रिकलाही सांगितला, सांगायचे पैसे दोघांकडून घेतले. हेन्द्रिकने कोलंबोच्या व्यापाऱ्याला सांगितलं, व्यापाऱ्याने तार केली. पंचांग काही तिच्या एकटीसाठी छापलं जात नव्हतं. गिरणीवाल्याला ते वाचता यायची गरजच नव्हती, वाचून दाखवणारे आपल्यातच होते. मला हेन्द्रिकचा राग येतो, आजही येतो. पण त्याच आठवड्यात माझ्या घरी नेसायला आलं ते त्याच्याच दुकानातलं, हेही सांगून टाकतो.

एप्रिल उजाडला. यसावतीने नेहमीसारखं दार उघडलं, कमरेला किल्ली खोचली, अंगण झाडलं. विहिरीपर्यंतची वाट रिकामी. आठ बायका मागावर बसून राहिल्या, कुणी धोटा टाकेना. तिसऱ्या दिवशी शाळामास्तरांची बायको हेन्द्रिककडची पिशवी काखेत मारून दारावरून जात होती. यसावतीने स्वतःहून हाक मारली, भाव निम्म्यावर आणला. मास्तरीण बाई आत आली, कापड हातात घेतलं, पूर्वीसारखंच उजेडाला धरलं.

"रंग जातो का?"

"जातो," यसावती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलली. "दोन धुण्यांत."

मास्तरीण बाईने घडी नीट घालून परत ठेवली. तिच्या जिभेवर केळीची पानं आली असतील, अशी यसावतीची खात्री होती. ती वाट बघत राहिली. पण बाई भली, किंवा पक्की. एवढंच म्हणाली, "सात वर्षं आम्ही नेसलं की. आता थोडे दिवस तुम्ही नेसा."

नव्या वर्षाची घटका सकाळी आली. चूल पेटली, हंडी उतू गेली, दूधभाताच्या वड्या पाडल्या. दीपानीने आईच्या मागावरचं निळं नेसलं होतं. बापाने गुपचूप हेन्द्रिककडचं आणून ठेवलं होतं, पण पोरीने त्याला हात लावला नाही. चुलीपाशी घाम आला तसा तिच्या मानेवर निळा ओघळ उतरला. तिने तो आईला दिसू नये म्हणून केस मोकळे सोडले. आईने दोन्ही बघितलं.

पहिल्या घासानंतर वर्षातली पहिली देवघेव करायची असते. विड्याच्या पानात नाणं ठेवून ते कुणाच्या तरी हातावर द्यायचं आणि बदल्यात काहीतरी घ्यायचं. ज्याच्याशी ही पहिली देवघेव झाली त्याच्याशी वर्षभर चांगलं चालतं, असं मानतात. दरवर्षी यसावतीकडे या वेळी पाच-पन्नास पानं जमायची. ती पायरीवर बसली. अंगणात कुणी नव्हतं. माणसं बाजूच्या वाटेने हेन्द्रिककडे चालली होती, निळी, नवीकोरी, एकाही सुरकुतीशिवाय.

तेवढ्यात मागिलिन आली. हातात पान, पानात नाणं. सरळ पायरीपाशी आली आणि पान पुढे धरलं.

"यसा," ती म्हणाली. नोना नाही. "झालं गेलं. तुझ्याशीच करते यंदाची देवघेव."

यसावती उठून उभी राहिली. 

मागिलिन बोलत राहिली. साठी लागली होती, आता दर पौर्णिमेला व्रत घेऊन देवळात बसायचं तिने ठरवलं होतं. व्रताला पांढरं लागतं. हेन्द्रिककडे पांढरं होतं, पण ते निसरडं, अंगाला चिकटणारं, दिवसभर त्यात बसलं तर घामोळं येतं आणि उन्हात उभं राहिलं तर लाज जाते. देवळातल्या आणखी सात-आठ म्हाताऱ्याही तेच म्हणत होत्या. "आम्हाला सुती हवं. तुझ्या हातचं, आधी करायचीस तसलं, दोनदा ठोकलेलं. पैसे आधी घे पाहिजे तर. वैशाखी पौर्णिमेच्या आत दे. नऊ हात माझे."

नऊ हात. यसावतीने तो आकडा ओळखला. जपानच्या गिरणीला जे जमत नव्हतं ते तिला जमत होतं, आणि ते मागणारी बाई पान घेऊन दारात उभी होती. फक्त घरात पांढऱ्या सुताचा एक धागा नव्हता. सोसायटीला महिन्यापूर्वीच कुलूप लागलं होतं. बाजारात सूत होतं, पण ते घ्यायला हातात काही उरलं नव्हतं. सगळं निळं होऊन बसलं होतं.

"मागिलिन अक्का," ती म्हणाली, "पांढरं नाही."

मागिलिनचा हात तसाच राहिला.

"खरंच नाही. ये, आत ये, बघ." तिने मागिलिनला दंडाला धरून आत नेलं. कपाटं उघडली. माग दाखवले. मागची पेटी उघडून आतलं सगळं जमिनीवर उपसलं. निळं, निळं, निळं. "हे ने. वीस हात ने, पन्नास ने. पैसे नकोत."

मागिलिनने पेटीकडे बघितलं. तिच्या झाकणाकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"निळं हेन्द्रिककडे आहे," ती म्हणाली. पान मिटून मुठीत धरलं आणि नाण्यासकट तशीच परत गेली. वर्षाची पहिली देवघेव अशी दारातून माघारी जाणं म्हणजे काय, हे दोघींनाही माहीत होतं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. वैशाखी पौर्णिमेच्या आधी हेन्द्रिककडे सुती पांढरंही आलं, तुमच्याकडच्याच कुठल्याशा गिरणीतलं. पावसाळ्यात मागांचं लाकूड चुलीत गेलं. आठातल्या दोघी अरबांच्या घरी कामाला गेल्या, चौघी काथ्या वळू लागल्या, दोघींचं काय झालं मला माहीत नाही. दीपानी विमानतळाजवळच्या नव्या कारखान्यात शिवणावर लागली. कापड बाहेरून येतं, शिवून बाहेर जातं, इथे राहतात ती फक्त पोरींची पाठदुखी आणि पगार. पगार बरा होता. घराला कौलं चढली, घरात रोज डाळ शिजू लागली. देश वाढतोय असं रेडिओवर सांगायचे आणि ते खरंच होतं, आमच्या गावातही वाढताना दिसत होता. यसावती रेडिओ बंद करायची नाही. ऐकायची, आणि फणीने काहीतरी ठोकावं तसा हात मांडीवर आपटत राहायची, एकदा, मग पुन्हा एकदा.

साठी लागल्यावर तीही पौर्णिमेला देवळात बसू लागली. नेसायचं पांढरं दीपानीने कारखान्यातून आणलेलं असायचं, घट्ट, रंग न सोडणारं. जागा मिळायची ती बहुतेक मागिलिनशेजारी. दोघी फुलं एका ताटलीतून वाहायच्या, डबा एकत्र खायच्या. जुन्या गोष्टी काढायच्या नाहीत, असं न बोलता ठरलेलं होतं.

एका पौर्णिमेला, मागिलिनला नीट दिसेनासं झालं होतं त्या वर्षी, यसावतीला राहवलं नाही. तिने मागिलिनच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अक्का, पहिल्यांदा होतं माझ्याकडे. पेटीत होतं. तुला खोटं सांगितलं मी."

"ठाऊक आहे. कड दिसत होती."

"पण दुसऱ्यांदा नव्हतं ग. देवळात बसून सांगते, खरंच नव्हतं."

मागिलिनने तिचा हात हळूच गुडघ्यावरून बाजूला केला आणि ताटलीत चाचपून आणखी एक फूल उचललं.

"एक कबूल केलंस, बरं झालं," ती म्हणाली. "आता दुसऱ्याचं कशाला खोटं बोलतेस?"